हिरव्या दाराचा आवाज

मुंबुआच्या प्रोजेक्टला नाव मिळायच्या आधीच कॉलेजात सगळे त्याला 'दारं' म्हणायला लागले होते. आमचं शेवटचं वर्ष होतं. नैरोबीतल्या आमच्या कॉलेजात कला आणि यंत्र यांची सांगड घालून काहीतरी उभं करायचं, आणि लोकांनी हात लावला की त्यानं उत्तर द्यायचं, एवढीच अट होती. माझं काम म्हणजे एक कागदी झाड. कुणी जवळ आलं की त्याची पानं थरथरायची. म्हणजे थरथरायला हवी होती. दर थोड्या वेळानं ते बंद पडायचं आणि मी स्टुलावर चढून वायरी हलवत बसायचे. शेजारी मुंबुआची दारं. ती कधी बंद पडली नाहीत.

दारं खरी होती. नदीकाठची वस्ती त्या वर्षाच्या सुरुवातीला एका रविवारी सकाळी जळाली. बहुतेक लोक चर्चमध्ये होते. एक म्हातारा आणि त्याची आंधळी बहीण, दोघं आतच राहिले. धावत आलेल्या लोकांनी मिळेल ते उपसून काढलं, त्यात दारंही होती. लाकडी चौकटीवर पत्रा ठोकलेली, कुणाचं निळं, कुणाचं गंजलेलं, कुणावर खडूनं मुलांची उंची मोजलेली. राख निवायच्या आत जागेला कुंपण पडलं. दारं चर्चच्या मैदानात तंबूंना टेकून उभी राहिली. मुंबुआनं ती तिथंच पाहिली.

यंत्राची बाजू बारासाची. तो आमच्याच वर्गातला; हातात काही उघडं मशीन नसेल तर त्याला करमायचं नाही. त्यानं प्रत्येक दाराच्या पाठीमागं स्पर्श ओळखणारी नाण्याएवढी एक चकती आणि छोटा स्पीकर बसवला. आमच्याकडे कुणाच्या घरी गेलं की बाहेर उभं राहून 'होडी' म्हणतात, मग आतून बोलावणं येतं. तसंच इथं. तुम्ही हलकेच टकटक केलीत की त्या घरात राहणारं माणूस तुम्हाला 'या' म्हणे. मूठ आपटलीत तर दार गप्प. आणि तळहात तसाच ठेवून थांबलात, तर ते माणूस त्या रविवारी काय झालं ते सांगायला लागे. बोलणं लांब होतं, आणि हात काढला की तुटायचं. शेवटपर्यंत थांबणारे थोडेच असणार, हे मुंबुआला माहीत होतं. तेच तर तिला हवं होतं.

हिरवं दार झवादीच्या आईचं. तिचं स्वतःचं नाव कुणाला फारसं ठाऊक नव्हतं; लेकीच्या नावानंच सगळे हाक मारत. नवरा नव्हता. बस थांब्यावर मंदाझीचे गोड वडे तळून विकायची. ती कितुईकडची, कांबा जमातीची; मुंबुआही तिकडचीच. मुंबुआनं पहिल्या दिवशी तंबूपाशी वाकून कांबा बोलीत विचारपूस केली आणि बाई हसली.

"शहरात राहून बोली विसरली नाहीस होय? बस. चहा घे."

मुंबुआ रेकॉर्ड करायला बसली तेव्हा बाकीच्यांनी आग सांगितली. झवादीच्या आईनं आग लावणारा सांगितला. झवादीला ताप होता म्हणून त्या दिवशी ती चर्चला गेली नव्हती. घरांच्या ओळीमागं एक माणूस रॉकेलचा डबा ओतताना तिनं पाहिला. तोंडावर रुमाल होता, पण चालणं ओळखीचं, अंगातला कोट ओळखीचा. तिनं त्याचं नाव घेतलं.

"हे नाव पुसून टाक," ती म्हणाली. "आत्ता, माझ्यासमोर."

मुंबुआनं तिच्यासमोर पुसलं.

"आणि माझा आवाज बदल. माझी आई फोनवर ओळखणार नाही इतका."

"बदलते ताई. शप्पथ."

"शपथ घेऊ नकोस. बदल."

मुंबुआनं बदलून पाहिला. मी ऐकला तो. जाड केला तर टपऱ्यांवर वाजणाऱ्या जाहिरातीतल्या राक्षसासारखा, पातळ केला तर उंदरासारखा. आमचे किप्सांग सर ऐकून म्हणाले, "हे काय कार्टून बोलतंय? दोन माणसं मेलीत इथं."

"तिनंच बदलायला सांगितलंय, सर."

"मग तिला जाऊन विचार. हो म्हणाली तर मूळ आवाज ठेव. नाही म्हणाली तर हे दार काढ."

बारासानं दुसरा उपाय सांगितला. "दुसऱ्या कुणाकडून वाचून घे ना. माझी बहीण वाचेल."

"मग ते नाटक होईल," मुंबुआ म्हणाली.

विचारायला ती जाणार होती. रोज जाणार होती. प्रदर्शनासाठी दारं कॉलेजच्या रंगशाळेत आणायची, वायरी ओढायच्या, एक स्पीकर जळाला तो बदलायचा, या गडबडीत दिवस गेले. बारासानं दोनदा आठवण करून दिली. शेवटी ती चिडली. "नाव काढलंय ना मी? इथं कोण येतं? आपलेच लोक, चार पाहुणे, फुकटचं ज्यूस प्यायला. कोण ओळखणार आहे तिला?"

आणि मग तिनंच वस्तीतल्या लोकांना बोलावलं. मनापासून बोलावलं. ज्यांची दारं त्यांनी बघायला नकोत का? त्या आनंदात बाईचा न बदललेला आवाज आणि तो ओळखणारे हे पाहुणे, या दोन गोष्टी तिच्या डोक्यात एकत्र आल्याच नाहीत. तसं ती मला नंतर म्हणाली आणि मी विश्वास ठेवला.

लोक आले ते रविवारचे कपडे घालून. बस आगग्रस्तांच्या कमिटीच्या चेअरमननं ठरवून दिली होती. त्याचं नाव जेरेमाया; धिप्पाड, शांत, पायात थोडा दोष, अंगात तपकिरी कोट. लहान मुलांच्या डोक्यावरून हात फिरवत, सगळ्यांना आत सोडून तो शेवटी आत आला.

पहिला अर्धा तास जत्रा होती. मुलं प्रत्येक दारावर टकटक करत सुटली. एका म्हाताऱ्यानं स्वतःच्याच दारावर हात ठेवला आणि दचकला.

"कोण रे हा खोकतोय आत?"

"तूच तो," त्याची बायको म्हणाली. "रोज मी ऐकते, आज जरा तू ऐक."

सगळे हसले. मीही स्टुलावर उभी होते ती हसले. किप्सांग सर परीक्षकांना घेऊन फिरत होते. मुंबुआचा चेहरा असा उजळला होता की चार वर्षांत मी तसा पाहिला नव्हता.

मग मला दिसलं की चेअरमन हिरव्या दारापाशी उभा आहे. त्यानं अगदी हलकेच टकटक केली होती आणि आता तळहात टेकवून, मान थोडी कलती करून, तो ऐकत होता. एक मूल त्याच्या कोटाला ओढत होतं. त्यानं दुसऱ्या हातानं त्याला थोपटलं, पण तळहात काही काढला नाही. तो शेवटपर्यंत थांबला.

झवादीची आई पलीकडच्या भिंतीशी होती, हातात ज्यूसचा पेला. तिनं त्याला तिथं उभं पाहिलं आणि चालत आली. चारेक पावलांवर थांबली. तिला स्वतःचा आवाज ऐकू आला असणार, कारण मलाही येत होता. कोट, डबा, रुमाल. मग नावाच्या जागी एक छोटी पोकळी. मग पुन्हा तिचा आवाज.

चेअरमननं हात काढला आणि वळला.

"झवादीच्या आई," तो म्हणाला, "गोड आवाज आहे गं तुझा. चर्चमध्ये गात का नाहीस?"

आणि तो ज्यूसच्या टेबलाकडे गेला.

बाई मुंबुआकडे आली. ओरडली नाही. "तो माझा आवाज आहे," एवढंच म्हणाली.

"ताई, मी... मी येणार होते विचारायला. आत्ता बंद करते. आत्ताच."

"आता बंद करून काय करू मी?"

मुंबुआ रडायला लागली. बाईनं तिचं मनगट धरलं, जोरात. "रडू नकोस इथं. तो बघतोय. झवादीला थोडे दिवस तुझ्याकडे ठेवशील?"

"तुम्ही पण चला. दोघी चला."

"माझं सामान तंबूत आहे. घेते आणि येते."

झवादी मुंबुआच्या खोलीवर आली. सात-आठ वर्षांची, गप्प पोर. हिरवं दार मुंबुआनं त्याच संध्याकाळी काढून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. झवादीची आई आली नाही. दुसऱ्या दिवशी मुंबुआ आणि बारासा मैदानात गेले, तर तंबूत सामान होतं, कढई होती, मळलेलं पीठ आंबून फुगलेलं होतं. ती पुलाच्या खाली नदीत सापडली. कपडे धुताना पाय घसरला, असं लिहिलं गेलं. त्या काळ्या पाण्यात वस्तीतलं कुणी पायपुसणंही धूत नसे.

मुंबुआ पोलीस चौकीत गेली. बारासा बरोबर होता, लॅपटॉप त्यानंच उघडला. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं दार लावून घेतलं, सगळं ऐकलं, पुन्हा एकदा ऐकलं.

"कुणाबद्दल बोलतेय ही?"

"चेअरमनबद्दल. जेरेमायाबद्दल."

"तसं कुठं म्हणतेय? कोट म्हणतेय. चालणं म्हणतेय. इथं मध्येच काहीतरी कापलंय."

"मी कापलं."

"मग मूळचं आण."

"मूळचं नाही. पुसलं. तिनंच सांगितलं होतं."

"म्हणजे ऐकून तो ओळखेल एवढं ठेवलंस," अधिकारी म्हणाला, "आणि मी पकडेन एवढं ठेवलं नाहीस."

बारासानं लॅपटॉप मिटला. बाहेर आल्यावर तो तिच्यावर ओरडेल असं तिला वाटलं, पण तो रस्त्याच्या कडेला नुसता बसला आणि म्हणाला, "चकती मीच लावली. मीच."

दारांना पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी आधीच ठरवलं होतं. समारंभाला दोघंही गेले नाहीत. किप्सांग सरांनी निकाल वाचला आणि नंतर कितीतरी वेळ ते रिकाम्या रंगशाळेत बसून होते. बाईला गावी नेण्यासाठी कमिटीनं गाडी दिली. शवपेटीवरचा हारही चेअरमनचाच होता.

दफन झाल्यावर मुंबुआनं ठरवलं की आपण स्वतःच्या नावानं जबानी द्यायची. बाईनं ते नाव घेतलं होतं, मी ते कानांनी ऐकलं, मी ते पुसलं, असं. बारासानं तिला अडवलं.

"कळतंय का तुला काय करतेस ते? त्याला आता तुझं नाव मिळेल, गाव मिळेल, राहायचं ठिकाण मिळेल."

"मिळू दे."

"वकील म्हणेल, मेलेल्या बाईच्या नावावर काहीही सांगतेय."

"म्हणू दे रे."

तिनं जबानी दिली. जेरेमायाला धरलं आणि आठवड्याच्या आत जामिनावर सोडलं. सुटून आला तेव्हा काही लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्याच्या हातात तंबूंची यादी होती, कुणाला पक्की खोली मिळणार ते तोच ठरवणार होता. बाकीचे आपापल्या तंबूत बसून राहिले.

झवादीला कितुईला पोचवायला मुंबुआ स्वतः गेली. मला बरोबर ये म्हणाली, म्हणून मी गेले. झवादीची आजी अंगणात सुपात तूर निवडत होती. पोरीला तिनं जवळ घेतलं, मग चुलत भावंडांकडे खेळायला पाठवलं. मुंबुआनं सगळं सांगितलं, कांबा बोलीत. मला शब्द कळत नव्हते, पण आवाज बदलण्याची गोष्ट आली तेव्हा मुंबुआनं स्वतःच्या गळ्याला हात लावला आणि आजीचं निवडणं थांबलं.

नंतर बसमध्ये मुंबुआनं मला सांगितलं आजी काय म्हणाली ते.

"हे सांगून तुला हलकं वाटेल असं वाटलं होतं का?"

"नाही."

"मग बरं. जेवून जा. पुन्हा येऊ नकोस. पोर तुझी आठवण काढेल, तेव्हा मी काहीतरी सांगेन."

तिनं मका-घेवड्याचं पातेलं आमच्यापुढं ठेवलं आणि आम्ही जेवलो. तिच्यासमोर ताटात काही टाकायची हिंमत नव्हती.

मुंबुआ आता मोंबासाच्या वाटेवरच्या एका गावात शाळेत मुलांना चित्रकला शिकवते. यंत्राला तिनं पुन्हा हात लावला नाही. बारासा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असतो. नदीकाठच्या कुंपणाआड आता पाच मजले उभे राहिलेत, खालच्या मजल्यावर औषधांचं दुकान आहे. खटल्याची तारीख पडली की मुंबुआ बसनं येते, माझ्याकडे उतरते, सकाळी कोर्टात जाऊन बसते. बहुतेक वेळा पुढची तारीख घेऊनच परतते. मागच्या वेळी जेरेमाया समोरच्याच बाकावर होता. त्यानं मान लववून तिची विचारपूस केली. प्रवास बरा झाला का, म्हणाला.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"बरा झाला, म्हणाले," ती म्हणाली. "आणि त्याच्याकडे बघत राहिले. न्यायाधीश येईपर्यंत नजर काढली नाही." मग तिनं चपला काढल्या, चहा नको म्हणाली, आणि भर दुपारी माझ्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली.