शरणम्माचा सरळ फोटो

बसा पाव्हणं, टायर जरा थंड होऊ द्या. चहा उकळतोय तवर एक गोष्ट सांगतो. हसू येईल तुम्हाला, आधी सगळ्यांनाच आलं. पर शेवटाला माझं एक काम करायचंय, तेवढं ध्यानात ठेवून ऐका.

ह्या जळकोटात शंभुलिंगचा फोटो स्टुडिओ हाय. हात बरा होता गड्याचा. सात वर्सामागं त्यानं सोलापुरातनं नवा डिजिटल कॅमेरा आणला. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक चकती, ती फिरवली की आतल्या आतच नाना तऱ्हेचे इफेक्ट. एकात नळदुर्गचा किल्ला खेळण्यातला वाटायचा. एकात सगळं काळं-पांढरं व्हायचं आन नुसता लाल रंग उरायचा. आन एक होता माशाच्या डोळ्याचा. त्यात नाक भोपळ्याएवढं फुगायचं आन कान पार मागं पळायचे. फकस्त एक खोट होती. इफेक्ट लावून काढला की साधा फोटो मागं राहत नव्हता. वाकडं निघालं ते वाकडंच.

गिऱ्हाइकावर असले चाळे कोण करू देतंय? म्हणून त्यानं ते बायकोवर केले.

शरणम्मा कर्नाटकातल्या आळंदकडची. दात जरा पुढं, हनुवटीवर डावीकडं तीळ. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना शंभूनं हाक मारायची, तिनं वर बघायचं, का ह्यानं बटण दाबलंच. मग तो फोटो दुकानात. शेजारी अमरनाथचं मोबाईल रिपेरीचं दुकान. दोघं कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकी घालून हसायचे, आलं-गेलं गिऱ्हाईकबी हसायचं. शंभूच्या मनात त्याचं काय वाईट नव्हतं. त्याला वाटायचं, आपलीच बायको हाय, आपुन न्हाय हसायचं तर कुणी? ती पदर तोंडावर धरून आत जायची, ते त्याला लाजणं वाटायचं.

कधीमधी ती म्हणायची, एक तरी सरळ काढा माझा. तो म्हणायचा, तुझा सरळ काढायला कॅमेरा घाबरतोय. आन परत हसायचा.

मग परवाच्या उन्हाळ्याच्या तोंडाला गावात अंगणवाडीच्या मदतनीस बाईची जागा निघाली. शरणम्मा बारावी पास. वयाची अट पस्तीस, आन तिला पस्तिसावं भरायला दोनच महिने उरलेले. म्हणजे ही जागा हुकली की पुन्हा फॉर्म भरायलाच मिळायचा न्हाय. तिनं दाखले गोळा केले, रहिवाशाचा कागद आणला, सह्या केल्या. राहिला नुसता फोटो. आन फोटोचं दुकान तर घरचंच.

ती लग्नातलं हिरवं लुगडं नेसून आली. केस चापून बसवलेले. पांढऱ्या पडद्यापुढं स्टुलावर बसली, गुडघ्यावर हात ठेवले, आन म्हणाली, "एवढा एक सरळ काढा. बाकीचे काढा तुमच्या मनाला येतील तसे."

शंभूनं व्हय म्हणून मान हलवली. खरंच काढणार होता तो. चकती साध्यावर होती, बोट बटणावर होतं. पर दारात अमरनाथ उभा. दोघांची सकाळीच पैज लागलेली, एका चहाची. शंभू म्हणाला हुता, ऑफिसात फॉर्मावरचा फोटो कुणी बघतच न्हाय, कायबी चिकटवा. अमरनाथ म्हणाला हुता, बघतात. आता अमरनाथनं दारातनं नुसती भुवई उडवली. शंभूनं शरणम्माकडं बघितलं. ती सरळ बघत होती, पापणी न हलवता, लेन्सच्या पार आत. त्यानं चकती फिरवली.

फोटो त्यानंच छापला, त्यानंच कापला, फॉर्मावर डिंकानं चिकटवला आन पाकीट बंद करून अमरनाथच्या हाती तालुक्याला धाडलं. तिनं विचारलं, कसा आलाय? तो म्हणाला, आजपतूर असला आला न्हाय.

पंधरा दिवसांनी यादी लागली. शरणम्माचं नाव न्हाय. ती एसटीनं तालुक्याला गेली. तिथल्या साहेबानं गठ्ठ्यातनं फॉर्म काढला आन तिच्याकडं फिरवला. म्हणाला, बाई, ही काय चेष्टेची जागा हाय? मागं दोघी फॉर्मवाल्या उभ्या होत्या, त्यांनी वाकून बघितलं आन तोंडाला पदर लावला. मुदत सरलेली. शरणम्मानं तेवढा फोटो नखानं सोडवून मागून घेतला.

दुपारी ती दुकानात आली आन फोटो काउंटरवर ठेवला. अमरनाथ तिथंच बसलेला. शंभूला वाटलं आता रडंल, भांडंल, मग समजूत काढू. तो काय बोलायच्या आत अमरनाथ हसला. "वहिनी, तुमच्यापायी चहा जिंकलो बगा. म्या म्हणलंच होतं, बघतात म्हणून."

शरणम्मानं नवऱ्याकडं बघितलं. "एका चहासाठी?"

शंभूनं काउंटरवरची कात्री उचलली, परत ठेवली. ती मागं घरात गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. दोन कप भरून आणले, एकएक दोघांच्या म्होरं ठेवला आन दारात उभी राहिली. ते पिईस्तवर हलली न्हाय. शंभू सांगतो, चहा चांगला झाला हुता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पोरीची वेणी घातली, तिला शाळेत लावून दिली, आन आधार कार्डासकट आपले फोटोवाले सगळे कागद घेऊन हायवेवर जाऊन उभी राहिली. कुठल्या गाडीत बसली, कुणी बघितलं न्हाय. पोर नऊ वर्सांची, शिवप्रिया नाव. पोरीला मागं टाकली म्हणून लोक शरणम्माला शिव्या घालतात. म्या घालत न्हाय. म्या त्या स्टुलावर बसलो नव्हतो.

माहेरी न्हाय, पाव्हण्यांकडं न्हाय. आठ दिवसांनी शंभू पोलीस ठाण्यात गेला. हवालदारानं फोटो मागितला. शंभूनं कॅमेरा पुढं केला. हवालदार एकएक फोटो सरकवायला लागला. भोपळ्याएवढं नाक. नुसतं लाल कुंकू आन बाकी राख. खेळण्यातली बाहुली. चारशे फोटो. बाजूचा शिपाई हसायला लागला, त्याला हवालदारानं डोळ्यानं गप केलं.

"यातली बाई कोणती?" हवालदारानं विचारलं.

"सगळ्या तीच हायत, साहेब."

"तुम्ही फोटोग्राफर ना? बायकोचा एक फोटो न्हाय तुमच्याकडं?"

घरी येऊन त्यानं लग्नाचा अल्बम उपसला. तिथं खाली मान, कपाळावर बाशिंग, तोंडावर मुंडावळ्या. रात्रंदिवस जिच्यासंगं राहिला तिचं तोंड डोळे मिटून आठवायला गेला, तर तिथंबी भोपळाच आला.

शेवटी फॉर्मावरचाच फोटो मोठा करून त्यानं नोटिसा छापल्या. तीळ तेवढा तरी ओळखू येतोय, म्हणाला. ढाब्याढाब्यावर चिकटवल्या. ड्रायव्हर लोक जेवता जेवता हसले, कुणीतरी पेनानं मिशा काढल्या. एका ढाब्यावर तर पोरं त्या नोटिशीपुढं गाल फुगवून सेल्फी काढायची. मग एका रविवारी शिवप्रिया एकटी चालत निघाली आन अणदूरपतूर एकएक नोटीस फाडत गेली. माझ्या ह्या टपरीच्या खांबावरची म्याच तिला काढून दिली. तिनं तिची घडी घातली न्हाय, चुरगळली न्हाय. बारीक बारीक तुकडे केले आन मूठ मिटून बसली. पाणी दिलं तर म्हणाली, "आई अशी नव्हती. पर कशी होती ते मला आता नीट दिसत न्हाय."

शंभूचं दुकान चालू हाय. पासपोर्ट फोटो काढतो, सरळ. अमरनाथ आता तिकडं फिरकत न्हाय.

तर पाव्हणं, तुमची गाडी हुमनाबाद, हैदराबादपतूर जाते. तिकडं एखाद्या खानावळीत, कापसाच्या जिनात, कुणाच्या घरी भांड्याला, हनुवटीवर डावीकडं तीळ असलेली, हसताना पदर तोंडावर धरणारी बाई दिसली, तर एवढं करा. घरी चल म्हणू नका. शंभूचं नाव काढू नका. आधी तिला विचारा, आन ती व्हय म्हणाली तरच तुमच्या मोबाईलवर तिचा एक फोटो काढा. सरळ. दुसरं कसलंबी बटण दाबू नका. आन परतताना इथं थांबून मला द्या. पोरीला द्यायचाय.