विसेंताबाईंकडे थंडी पडत नाही

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका गावात, अगदी समुद्रासमोर, विसेंताबाईंचं बारा खोल्यांचं लॉज होतं. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच ते चालवत, आणि चौकशीच्या प्रत्येक पत्राला एकच उत्तर देत: "खुशाल या. आमच्याकडे थंडी पडतच नाही." इतकी वर्षं लिहून लिहून त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

त्या भरवशावर फिनलंडहून कायसा नावाच्या निवृत्त भूगोल शिक्षिका वर्षभर राहायला आल्या. नोव्हेंबरात उतरल्या त्या दिवशी असं सुरेख ऊन होतं की कायसाबाई बाह्या वर सारून गच्चीतच जेवल्या. विसेंताबाईंना धन्य धन्य वाटलं. दुसऱ्या दिवशी मात्र पाहुणीनं पेटीतून दोन थर्मामीटर काढले. एक गच्चीत टांगला, एक जेवणघरात, आणि रोज सकाळी वहीत आकडे लिहायला सुरुवात केली.

"ही बाई माझ्या घराचा ताप बघतेय," विसेंताबाई धाकट्या दिरापाशी कुरकुरल्या. बातिस्त मासेमारी सोडून बसलेला; वहिनीकडची कॉफी हाच त्याचा उद्योग.

"बघू दे की वहिनी. तुम्हाला काय लपवायचंय?"

जानेवारी आला. फरशी गार पडली, खिडक्यांच्या फटींतून वारा शिट्ट्या मारू लागला. एके सकाळी कायसाबाई न्याहारीला आल्या त्या ओव्हरकोट, लोकरी टोपी नि हातमोजे घालून. हातमोज्यांनीच त्यांनी तिथल्या रीतीनं पावावर टोमॅटो चोळला.

"विसेंताबाई," त्या आपल्या पुस्तकी स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, "बाहेरील तापमान पंधरा आहे. आतील तापमान अकरा आहे. आमच्या देशात थंडी घराबाहेर वास्तव्य करते."

"अहो, ही काय थंडी म्हणायची? दमट हवा आहे ही. समुद्र जवळ ना!"

"तर काय," बातिस्त कपात बघत म्हणाला. "वहिनींनी तीन स्वेटर घातलेत ते दमट हवेसाठीच."

विसेंताबाईंनी डोळे वटारले. खरं तर दुपार झाली की त्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत दडी मारत. तिथे एक गोल टेबल होतं, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं जाड कापड आणि खाली विजेची शेगडी. पाय आत सारायचे नि कापड मांडीवर ओढून घ्यायचं. गावात घरोघर हिवाळा असाच काढत. पण पाहुण्यांना ते दाखवायचं म्हणजे आपल्याच हातानं आपली सगळी पत्रं खोटी पाडायची!

एका दुपारी कायसाबाई लिंबू मागायला आल्या आणि त्यांनी नेमकं तेच दार ढकललं. आत विसेंताबाई कमरेपर्यंत कापडात, गाल लालबुंद.

"गुडघे," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "गुडघे दुखतात हो माझे."

कायसाबाईंनी वाकून टेबलाखाली पाहिलं. मग खुर्ची ओढली, बूट काढले नि पाय आत सारले.

"माझेही," त्या म्हणाल्या.

फेब्रुवारी दोघींनी तिथेच पत्ते कुटत काढला. विसेंताबाई लबाडी करत, कायसाबाई ती ओळखत आणि सोडून देत. मे महिन्यात हवा अशी झाली की कायसाबाई आठवडाभर वही उघडायलाच विसरल्या. ऑगस्टात त्या डोक्यावर ओला टॉवेल घेऊन फरशीवर आडव्या पडून राहत. ऑक्टोबरात एका दुपारी पाऊस असा कोसळला की गल्लीतल्या खुर्च्या पोहत समुद्राकडे निघाल्या.

"असं आमच्याकडे कधीच होत नाही," विसेंताबाई म्हणाल्या.

"कधीच नाही. फक्त दरवर्षी," बातिस्तनं भर घातली.

वर्ष संपत आलं. कायसाबाईंच्या गावच्या मैत्रिणींनी विचारलं होतं, तिकडची हवा कशी, आम्ही येऊ का? कायसाबाई वही उघडून उत्तर लिहायला बसल्या, तशा विसेंताबाई मागून वहीत डोकावल्या.

"काय लिहिणार?"

"जे आहे ते. मी चाळीस वर्षं भूगोल शिकवला आहे."

विसेंताबाईंनी दोन दिवस सगळा राग स्वयंपाकावर काढला. भातही अळणी केला. तिसऱ्या दिवशी लाकडी डाव हातात घेऊनच त्या वर गेल्या. "लिहा काय लिहायचंय ते. पण टेबलाचंही लिहा."

पत्र गेलं: ऑगस्टात येऊ नका, ऑक्टोबरात गमबूट आणा, जानेवारीत घरात हुडहुडी भरते; पण एक टेबल आहे आणि विसेंताबाई आहेत.

कायसाबाईंनी मुक्काम लांबवला. आठ जणी आल्या, आणि नेमक्या जानेवारीतच आल्या. पहिल्याच सकाळी त्या पोहायच्या कपड्यांत खिदळत समुद्रात शिरल्या. गाव मफलर गुंडाळून बघायला जमलं.

"न्यूमोनिया होईल! बाहेर या सगळ्या!" विसेंताबाई काठावरून ओरडल्या.

"पाणी चौदा!" कायसाबाई लाटेतून ओरडल्या. "उत्तम आहे! या!"

विसेंताबाई जरा वेळ उभ्या राहिल्या. मग वाळूत बसून त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि घोटाभर पाण्यात शिरल्या. अशी किंकाळी फोडली की काठावरचे पक्षी उडाले. पण मागे वळल्या नाहीत.

"कसं वाटतंय, वहिनी?" बातिस्तनं विचारलं.

"तोंड मिटा भावजी," दात वाजवत त्या म्हणाल्या, "आणि माझे मोजे धरा."