पंधरावा अर्ज

माझ्या हातात चौदा अर्ज होते आणि लागणार होते पंधरा. पंधरा झाले तर सप्टेंबरपासून आमच्या तंत्रशाळेत सायबर सुरक्षेचा वर्ग सुरू होणार, नाही झाले तर ती खोली केशभूषेच्या वर्गाला जाणार. आमचे मुख्याध्यापक तिहोमिर यांनी तर आरशांची मापंसुद्धा घेऊन ठेवली होती. यादी उद्या सकाळी मंत्रालयात जायची होती आणि आज संध्याकाळी शेवटची पालकसभा होती.

बावीस वर्षं मी या शाळेत संगणक शिकवते. तिमोक नदीकाठच्या आमच्या गावातली पोरं मोठी झाली की बसमध्ये बसून जर्मनीला जातात, म्हाताऱ्यांची सेवा करायला नाहीतर ट्रक चालवायला. त्यात वाईट काही नाही. पण गेल्या हिवाळ्यात कुणीतरी आमच्या पाणीखात्याचे सगळे संगणक बाहेरच्या बाहेर कुलूपबंद करून टाकले, तेव्हा ते सोडवणारा एक माणूस अख्ख्या जिल्ह्यात सापडला नाही. बेलग्रेडहून माणूस यायला नऊ दिवस लागले. तोवर कुठला पंप चालू आणि कुठला बंद, हे खात्यातली माणसं बर्फातून पायी फिरून बघत होती. मला तेव्हा आलेला राग अजून उतरलेला नाही. हा वर्ग मी त्या रागातच मागितला.

सभेला तीसेक माणसं आली, पोरांसकट. गॅरेजवाला रादिशा पहिल्याच बाकावर पाय पसरून बसला. त्याच्या वुकानचा अर्ज माझ्याकडे कधीच आला होता, पण गप्प बसणं रादिशाच्या स्वभावात नाही.

"रुझित्साबाई, खरं सांगा, आमच्या पोरांना चोऱ्या शिकवणार ना तुम्ही?"

"का, तू लोकांच्या बंद गाड्या उघडून देतोस, त्याला काय म्हणायचं मग?"

सगळे हसले. मागच्या रांगेत वेरित्सा मात्र हसली नाही. वेरित्सा बेकरी चालवते, शाळेत आम्ही दोघी एकाच वर्गात शिकलो. तिच्या शेजारी तिची चौदा वर्षांची कालिना बसली होती आणि कालिनाच्या मांडीवर भरलेला अर्ज होता. फक्त आईची सही नव्हती. त्या अर्जावर मी पंधरा दिवस डोळा ठेवून होते.

"माझी पोर नर्सिंगला जाणार," वेरित्सा तिथूनच म्हणाली. "तिकडे जर्मनीत, उल्मला तिची मावशी आहे, सगळं ठरलंय. नर्सला जगात कुठेही काम मिळतं. तुझ्या या वर्गाचं काय, आज आहे, उद्या नाही."

"आज तरी कुठे आहे? तू सही केलीस तर होईल."

"मग राहू दे की."

नुसत्या बोलण्यावर ही बया ऐकणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी घरूनच ठरवून आले होते. शाळेच्या गुणनोंदीतलं माझं खातं मी पडद्यावर लावलं. "हे माझं खातं. माझी परवानगी आहे, तिहोमिर साक्षीला आहेत. पोरांनो, माझा पासवर्ड ओळखून दाखवा. तीन प्रयत्न मिळतील."

तिन्ही चुकणार याची मला खात्री होती. मग चांगला पासवर्ड कसा असतो यावर मी भाषण देणार होते. भाषण पाठ होतं माझं.

पहिला वुकान उठला. त्याने ऐटीत 'निकोला' आणि पुढे एकोणीस डिसेंबरची तारीख टाकली. हसण्यासारखं नव्हतं त्यात काही. आमच्याकडे प्रत्येक घराण्याचा एक संत असतो आणि त्याच्या दिवशी घरात त्याच्या नावाचा खास पाव आणतात आणि गाव न बोलावता जेवायला येतं. कुणाचा संत कोण हे लहान पोरही सांगेल, आणि तरी निम्म्या गावाने संताचं नाव आणि तारीख हाच पासवर्ड ठेवलाय. लग्न झालं की बाईने नवऱ्याचा संत मानायचा, आणि माझ्या नवऱ्याचा होता निकोला. पडद्याने नकार दिला. दुसऱ्या पोराने माझ्या मांजराचं नाव टाकलं, तेही गेलं.

"झालं?" तिहोमिर घड्याळ बघत म्हणाले.

तेवढ्यात कालिना उठली. वेरित्साने तिचा दंड धरला, तो तिने हळूच सोडवला. ती संगणकापाशी आली, पण कळफलकाला हात लावला नाही. सरळ माझ्याजवळ येऊन कानाशी म्हणाली, "बाई, त्रिफुन आहे ना? आणि चौदा फेब्रुवारी? टाकू, की आधी तुम्ही बदलून घेताय?"

मी आवाज खाली आणला.

"कशावरून म्हणतेस?"

"आई सांगते, घटस्फोट झाल्यावर तुम्ही आमच्याकडून निकोलाचा पाव न्यायचं बंद केलंत. त्रिफुनचा नेता. तो तुमच्या बाबांचा संत ना?"

अठरा वर्षं मी स्वतःवर खूश होते. लोक नवऱ्याच्या संताचं नाव लावतात, आपण बापाच्या संताचं लावलं, म्हणजे केवढी हुशारी! 'नाही, चुकलं' म्हणाले असते तर कालिना मुकाट्याने जागेवर जाऊन बसली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. सांगायला लाज वाटते, पण क्षणभर ते माझ्या ओठांवर आलं होतं.

"टाक," मी म्हटलं.

तिने टाकलं आणि खातं उघडलं. तिने लगेच ते बंद केलं आणि पडद्यापासून दूर उभी राहिली.

रादिशाने शीळ घातली. तिहोमिर खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे हा वर्ग शिकवणार कोण? ह्या?"

"हो, मीच शिकवणार," मी म्हटलं. "अठरा वर्षं मी घोडचूक केली आणि ती या मुलीने दहा मिनिटांत पकडली. कुठल्या चोराला ती चूक आधी सापडली असती, तर तो मला सांगायला आला नसता. हिने आधी मला कानात विचारलं, की बदलून घेता का. बाकी सगळं मी शिकवू शकते, तिहोमिर. हे मला शिकवता आलं नसतं, ते ही पोर घरून घेऊन आली आहे. तुम्हाला आरसे लावायचे असतील तर खुशाल लावा. पुन्हा पाणी बंद पडलं की कात्री घेऊन जा तिकडे."

कुणी हसलं नाही. वेरित्सा उठून पुढे आली. ती माझ्याकडे नाही, पोरीकडे बघत होती.

"माझा पासवर्ड माहीत आहे तुला?"

"हो."

"फोनचाही?"

"दोन्हींचा."

"कधीपासून?"

"पाचवीत असल्यापासून."

वेरित्साचा चेहरा उतरला. बाप गेल्यापासून त्या घरात दोघीच होत्या, आणि त्या फोनमध्ये काय काय होतं ते वेरित्सालाच ठाऊक. "उघडून बघितलंस कधी?"

"नाही."

"एकदासुद्धा नाही?"

"तुझं होतं ना ते, आई."

वेरित्साने डोळे पुसले, रादिशाच्या खिशातलं पेन न विचारता उपसलं, बाकावर वाकून सही केली आणि अर्ज माझ्या छातीवर आपटला.

"घे. आणि उल्मला मावशीला तूच फोन करायचास, मी नाही."