मान तापवायची राहिलेली पुंगळी

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी पुंगळी आहे. गोळी उडून गेल्यावर काडतुसाचं जे रिकामं टरफल उरतं, ते म्हणजे मी. माझ्यात पुन्हा दारू भरता येते, तोंडावर नवी गोळी बसवता येते. अशी मी अकरा वेळा उडाले.

सिंगापुरातल्या एका नेमबाजी क्लबच्या कुलूपबंद खोलीत आम्ही पन्नास जणी एका डब्यात राहायचो. इथे रिकामी पुंगळीसुद्धा फाटकाबाहेर नेता येत नाही. आम्हाला उडवायच्या सुचित्राबाई. निगा राखायचे त्यांचे पती हेमचंद्र. दर शनिवारी सकाळी दोघं तोआ पायोहहून बसने यायची. हवा इतकी दमट, की आम्ही आठ दिवसांत काळवंडायचो. हेमचंद्र आम्हाला धुवायचे, लांबी मापायचे आणि अधूनमधून एकेकीची मान ज्योतीवर धरायचे. कारण पितळ उडून उडून ताठर होतं. मग मान गोळीला कधी घट्ट धरते, कधी सैल, आणि नेम बिघडतो. आच दिली की मान पुन्हा नरम होते.

"आच दिली की पितळ सगळं विसरतं," सुचित्राबाई म्हणायच्या. "मला नका हं ज्योतीवर धरू. तुमच्या सगळ्या चुका लक्षात ठेवायच्यात मला."

"मावतील का तेवढ्या?" हेमचंद्र विचारायचे.

मार्चमधल्या एका शनिवारी बाईंनी मला रायफलीत घातलं आणि श्वास रोखला. गोळी दहाच्या वर्तुळात लागली. पण बाईंनी डोकं वर केलं नाही. तो श्वास त्यांनी सोडलाच नाही.

लोक धावले. काहीही झालं तरी रायफल आधी उघडून रिकामी करायची, हा इथला पहिला नियम. हेमचंद्रांच्या हातांनी तो आपोआप पाळला. मी त्यांच्या मुठीत आले तेव्हा गरम होते.

त्यांनी माझ्या बुडावर शाईचा ठिपका दिला. त्या दिवसापासून माझ्यात काहीतरी राहिलं. साच्यात दाबून मला मापात आणलं, तरी पुढच्या शनिवारी माझी मान केसभर फुगलेली असायची, कोणी छाती भरून घ्यावी तशी. हेमचंद्र मापायचे, पुन्हा मापायचे.

"आहेस," ते हळूच म्हणायचे.

ताठर पितळ साच्यातून सुटलं की थोडं फुगतंच, हे त्यांना ठाऊक होतं. तरी एकोणपन्नास जणींना आच मिळाली, मला नाही.

क्लबने ती रायफल ऋचाला दिली. क्लेमेंटीला राहणारी ही मुलगी बाईंच्याच हाताखाली शिकली होती. संघाच्या निवड चाचणीसाठी हेमचंद्रांनी तिची काडतुसं भरली. माझ्या जागी दुसरी पुंगळी घेता आली असती. पण त्यांना मला त्या रायफलीतून उडताना पुन्हा एकदा ऐकायचं होतं.

सदतीस गोळ्या छान लागल्या. अडतिसाव्या वेळी माझी पाळी आली. ऋचाने श्वास रोखला. माझ्या आत एक आधीच रोखलेला होता.

घोडा दाबताच माझी मान चिरली. गरम वायू उलटा फिरून ऋचाच्या गालाला लागला. गोळी सहाच्या वर्तुळात गेली.

"काका!" ती गाल धरून उठली. "माझ्या कानाशी कोणीतरी श्वास सोडला."

हेमचंद्र धावत आले. "डोळा बघू. दिसतंय ना?"

"दिसतंय हो. पण हे झालं कसं?"

रेंज ऑफिसरने मला उचलून पाहिलं आणि सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "अंकल, क्रॅक्ड ऑलरेडी लाह!"

"माझी चूक आहे," हेमचंद्र म्हणाले. "हिची मान मी तापवली नाही. ही सुचित्राची शेवटची होती, म्हणून."

ऋचाने गालावरचा हात काढला. मग म्हणाली, "काका, माझा डोळा गेला असता, तर काकू तुमच्याशी बोलल्या असत्या का?"

"नसती बोलली."

ऋचाने उरलेल्या बारा गोळ्या मारल्या. निवड एका गुणाने हुकली. फुटलेली पुंगळी कोणी पुन्हा भरू नये म्हणून चेपावी लागते. पक्कड ऑफिसरच्या हातात होती, ती हेमचंद्रांनी मागून घेतली आणि मला स्वतः चेपलं.

आता मी भंगाराच्या डब्यात आहे. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादी वस्तू कितीही जिवाची असली, तरी लाडापायी तिची तपासणी चुकवू नका. उद्या ती दुसऱ्या कोणाच्या तरी गालाशी असणार आहे.