कासार आळीतली मुलगी

हरिहरपंतांनी पोराचा दंड उजेडाकडे वळवला आणि अंगठ्याने कातडी ताणून पाहिली. चार वण. तीन एका ओळीत, चौथा जरा खाली, बाजूला. चौथ्या टोचणीला मूल हमखास हात ओढून घेतं, म्हणून ती खाली मारायची सवय त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी लागली होती. असे वण दुसऱ्या कुणाच्या हातचे नसत.

“माघात ह्याला काही झालं नाही?”

“काही नाही हो डाक्तर,” पोराची आजी गंगुबाई म्हणाली. “पलीकडच्या आळीत घरटी एक लेकरू गेलं. आमच्याकडे देवी आली ती नुसती दारावरून गेली.”

“दारावरून गेली नाही, गंगुबाई. लशीने अडवली.”

“तुम्ही म्हणाल तसं,” गंगुबाईने कपाळाला हात लावून देवीला परस्पर नमस्कार करून टाकला.

हरिहरपंत मनातून खूश होते. सहा वर्षांनी ठाण्याहून पुन्हा कल्याणला नेमणूक झाली, तेव्हा त्यांनी पहिलं काम हेच हाती घेतलं होतं: आपण टोचलेली मुलं या वर्षीच्या साथीत किती वाचली ते पाहायचं. कासार आळीतलं एकही मूल गेलं नव्हतं. आणि ही सगळी लस एकाच दंडावरची होती. एका मुलाला टोचायचं, त्याची पुळी भरली की तिच्यातलं पाणी सुरीच्या टोकावर घेऊन दुसऱ्याला टोचायचं, अशी रीत. पण पहिलं मूल कोण देणार? ते आले की आळीतली पोरं कणगीत, माळ्यावर, गाईच्या गव्हाणीत दडवली जात. शेवटी विठ्ठल कासाराच्या बायकोने, सखुबाईने, आपली मुलगी कडेवर घेऊन ओटा उतरला होता. “दोन दिलेत मी देवीला,” ती म्हणाली होती. “तिसरं देणार नाही. टोचा.”

मुलगी दोन-अडीच वर्षांची असेल. लाल परकर, नाकात चमकी, केसांच्या दोन शेंड्या. टोचताना रडली नाही. प्रत्येक टोचणीनंतर मान वाकवून स्वतःच दंडावर फुंकर घालत राहिली. असं मूल त्यांनी पुढे कधी पाहिलं नाही.

“आता सखुबाईची गोदी दाखवा,” ते सुरी पुसत म्हणाले. “केवढी झाली असेल! आळीतल्या सगळ्या पोरांच्या अंगात तिचंच देणं आहे.”

गंगुबाईने नातवाला जवळ ओढलं आणि त्याची बाराबंदी नीट करू लागली.

“कोण गोदी?”

“विठ्ठल कासाराची मुलगी.”

“त्यांना मुलगी नव्हतीच कधी,” गंगुबाई म्हणाली. बंद बांधून झाले होते, तरी तिची बोटं तिथेच चाळवत राहिली.

*

विठ्ठलच्या दुकानात सखुबाई एका नव्या नवरीला चुडा भरत होती. नवरीचा हात दाबून, अंगठा आत वळवून ती एकेक बांगडी अलगद चढवत होती. हरिहरपंतांना पाहून तिने पदर सारखा केला. ओळखलं असावं.

“सखुबाई, गोदीचे वण बघायला आलो.”

सखुबाईच्या बोटांत बांगडी कडकन मोडली.

“वाढली गं बाई!” नवरीबरोबरची म्हातारी दचकून म्हणाली.

“दुसरी भरते, मावशी.” सखुबाईने काचा गोळा केल्या आणि मान वर न करता म्हणाली, “आमच्याकडे मुलगी नव्हतीच कधी.”

गंगुबाईचे शब्द. जसेच्या तसे.

“मी माझ्या हाताने टोचलंय तिला. या ओट्यासमोर.”

आतल्या दारामागे पावलं वाजली. दार किलकिलं झालं.

“आत जा रे दगड्या!” सखुबाई इतक्या जोरात ओरडली की नवरीने हात मागे घेतला. दार मिटलं. “धाकटा आहे. दंगेखोर आहे मेला,” ती म्हणाली, आणि तिच्या वरच्या ओठावर घाम फुटलेला हरिहरपंतांना दिसला.

आळीच्या तोंडाशी विठ्ठल त्यांच्या मागून आला. अंगाने आडवा, बोलायला भिडस्त माणूस.

“डाक्तर, पाया पडतो तुमच्या. तो विषय काढू नका.”

“मुलगी कुठे आहे, विठ्ठलशेट?”

विठ्ठलने तोंड उघडलं. मग मागे वळून पाहिलं. दुकानाच्या पायरीवर सखुबाई उभी होती. नुसती उभी होती. विठ्ठलने तोंड मिटलं आणि आल्या वाटेने परत गेला.

हरिहरपंत डावी नाकपुडी चोळत उभे राहिले. काही जुळेनासं झालं की त्यांचा हात तिथे जाई. मूल मेलं असतं तर लोकांनी मेलं म्हणून सांगितलं असतं. इथे मुलं मरणं ही लपवायची गोष्ट नव्हती. मग ती नव्हतीच, असं आख्खी आळी का म्हणते?

पुढच्या चार घरांत त्यांनी वण तपासले आणि जाता जाता विचारलं. चारही घरांत बायकांनी आधी एकमेकींकडे पाहिलं. चारही घरांत उत्तर तेच.

*

“मी सांगू का सायेब, पण माझं नाव घेऊ नका,” धोंडीबा म्हणाला. धोंडीबा त्यांचा पट्टेवाला, खाडीकाठच्या दिवा गावचा. सुऱ्यांची पेटी उचलायला कंटाळायचा, पण बातमी मैलभर वाहून आणायचा. “आमचा मेव्हना मचवा चालवतो. त्यानं बघितलंय.”

“काय बघितलंय?”

“दोन-तीन पावसाळं झालं. दिवेलागणीला हा कासार आन् त्याची बायको किल्ल्याखालच्या धक्क्यावर आली. पोर व्हती बरोबर, लाल परकरवाली. मेव्हना मचवा घेऊन पार बाहेर गेलेला. फिरून बघतो तर ही दोघं पान्यात एक सूप सोडतायत. सुपात लाल लाल कायतरी व्हतं. ओहोटी व्हती. सूप गेलं वाहून.”

“आणि मुलगी?”

“ती कुठं दिसतेय? लाल परकर कुठंच न्हवता. बाई फुडं चालली, पदर तोंडाला लावून. मागं न बघता.” धोंडीबाने आवाज उतरवला. “त्यांच्या परसात नवा ओटा बांधलाय, त्यो बघितला का? मी म्हनतो, खालची माती कशापायी उकरली असंल?”

“पुरे,” हरिहरपंत म्हणाले.

पण पाणी पिताना त्यांना तांब्यात लाल परकर दिसला. त्या मुलीला टोचलेली सुरी अजून त्यांच्या पेटीत होती. सकाळी ते सरळ कचेरीत गेले.

फौजदार तंबाखू मळत होते.

“मेली असेल हो,” ऐकून झाल्यावर ते म्हणाले.

“मेली असती तर मेली म्हणाले असते. हे म्हणतात, नव्हतीच. सहा घरं तेच म्हणतात, तेही त्याच शब्दांत.”

फौजदारांचा अंगठा तळहातावर थांबला. त्यांनी तंबाखू तशीच झाडून टाकली आणि पागोटं मागवलं.

*

झडती दुपारपर्यंत चालली. शिपायांनी कणगी उपसली, परसातल्या ओट्याचे चिरे पहारीने उचकटले. खाली मुरूम निघाला, दुसरं काही नाही. मग विहिरीत गळ टाकला. दोर खाली जात होता तशी आळी गप्प होत गेली. दारादारांत बायका उभ्या होत्या, आणि त्यांची नजर विहिरीकडे नव्हती. ती हरिहरपंतांवर होती. ज्यांची पोरं त्यांनी वाचवली होती, त्याच या बायका. गळ जड झाला. शिपायांनी ओढून काढला. बुडाला भोक पडलेली एक घागर वर आली.

“नसेल सांगायचं तर चौकीवर चल,” फौजदार सखुबाईला म्हणाले. “तिथे आठवेल.”

सखुबाईने पदर खोचला. जणू नदीवर धुणं घेऊन निघाली होती.

“साहेब, थांबा,” विठ्ठलचा आवाज फाटला. “सांगतो मी. ती मुलगी म्हणजे—”

“तोंड उघडाल,” सखुबाई त्याच्याकडे वळून हळू म्हणाली, “तर माझं मेलेलं तोंड बघाल. माझं नाही तर कुणाचं, ते तुम्हाला ठाऊक आहे.”

विठ्ठल मटकन खाली बसला.

“बघा!” फौजदार हरिहरपंतांना म्हणाले. “धमकी देते, आणि तीही आमच्यासमोर. तुमचं बरोबर होतं.”

शिपायाने सखुबाईच्या दंडाला धरलं, आणि त्याच क्षणी माळ्यावरून काहीतरी धपकन पडलं. आठेक वर्षांचा एक उघडाबोडका पोरगा होता, कमरेला नुसती लंगोटी. कोंडून ठेवलं होतं तिथून त्याने उडी मारली होती. कोपर चांगलंच सोलवटलं होतं, तरी धावत येऊन त्याने आईच्या पायांना मिठी घातली आणि शिपायाच्या पोटरीचा कडाडून चावा घेतला. शिपाई बोंबलला. कुणीतरी हसलं.

“दगड्या, आत जा,” सखुबाई म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात जोर नव्हता.

पोरगा हलला नाही. आईच्या पायांशी बसकण मारून त्याने कोपर वर केलं, मान वाकवली आणि रक्तावर फुंकर घातली. एकदा. मग पुन्हा.

हरिहरपंत दोन पावलं पुढे गेले आणि त्याच्यासमोर उकिडवे बसले. पोराच्या उघड्या दंडावर चार वण होते. तीन एका ओळीत, चौथा जरा खाली, बाजूला. नाकपुडीवर तिळाएवढा खळगा होता. बुजत आलेला.

त्यांचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या नाकपुडीकडे गेला. तिथेही तसाच खळगा होता. आधीची मुलं गेली म्हणून त्यांच्या आईने तिथे चमकी घातली होती, मुंजीपर्यंत. मुंबईला शिकायला गेल्यापासून हा अडाणीपणा त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. सखुबाई त्यांच्या आईच्या एक पाऊल पुढे गेली होती. दोन मुलगे गेल्यावर तिसऱ्याला तिने परकर नेसवला, गोदी म्हणून हाक मारली. न्यायला येईल त्याने मुलगी समजून पुढे जावं. पोर जगलं, वाढलं. मग एका संध्याकाळी धक्क्यावर त्याला लंगोटी नेसवली आणि गोदीचे कपडे सुपात घालून ओहोटीला सोडले. गेलेल्या मुलीचं नाव पुन्हा कुणी घ्यायचं नव्हतं. घेतलं तर जे फसून परत गेलं, त्याला कळलं असतं.

आळीला सगळं ठाऊक होतं. आळी खोटंही बोलली नव्हती.

त्यांनी मान वर केली. सखुबाई त्यांच्याकडे पाहत होती. चौकीला न भिणाऱ्या त्या बाईने पोराचा दंड पदराखाली झाकला. तिचं सगळं आता त्यांच्या एका वाक्यावर होतं.

हरिहरपंत उठले. त्यांनी धोतराची धूळ झटकली.

“फौजदारसाहेब, चूक माझी झाली. ते घर हे नव्हे.”

“म्हणजे?”

“त्या वर्षी मी खूप गावं केली. आंबिवलीच्या वाटेवरच्या कुठल्या घरची ती मुलगी. माझा घोटाळा झाला. इथे मुलगी नव्हतीच कधी.”

फौजदारांनी उपसलेल्या कणगीकडे पाहिलं, उखडलेल्या ओट्याकडे पाहिलं, मग फुटक्या घागरीकडे.

“सकाळी तर आपल्या हाताने टोचलं म्हणत होता.”

“म्हणत होतो.”

“मग आता आंबिवलीच्या विहिरी उपसू?”

“नको. ती सुखरूप आहे. आत्ताच आठवलं मला.”

“हरिहरपंत,” फौजदार पागोटं सारखं करत म्हणाले, “दुसऱ्यांचे दंड पुष्कळ झाले. आता एक टोचणी स्वतःच्या टाळक्याला घ्या. हे मी ठाण्याला कळवणार आहे.”

“कळवा.”

शिपाई गेले. त्यांच्या मागोमाग धोंडीबाही पेटी तिथेच टाकून सटकला. हरिहरपंत अंगरखा काढून ओट्याचा एक चिरा जागेवर सरकवू लागले. चिरा जड होता. विठ्ठल उठला आणि त्याने दुसरी बाजू धरली. समोरून गंगुबाई आली, खाली बसून पदराने धान्य गोळा करू लागली.

दोन-तीन चिरे बसल्यावर सखुबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिच्या मागून दगडू. आता तो हरिहरपंतांना अगदी जवळून न्याहाळत होता.

“डाक्तर, तुमच्या नाकाला भोक आहे?”

सखुबाईच्या हातातला तांब्या जागच्या जागी थांबला.

“भोक नाही रे. देवीचा वण आहे.”

“मग मला पण आहे, इथे. तो पण देवीचा?”

“तोही देवीचाच.”

पोराने नाकावर बोट ठेवून विचार केला. त्याला ते पटेना.

“पण मला तर देवी आलीच नव्हती.”

“आली होती,” हरिहरपंत ओंजळ पुढे करत म्हणाले. “दारावरून गेली.”