बहिणीच्या वाट्याच्या गोळ्या

१९७४ सालच्या हिवाळ्यात हट्टा गावच्या केशरबाईला निमोनिया झाला. वारंगा फाट्याजवळच्या वीस खाटांच्या धर्मादाय दवाखान्यात चार दिवस ठेवून, ताप उतरल्यावर आठवड्याच्या गोळ्या देऊन तिला घरी पाठवलं. सहाव्या दिवशी ती परत आली, तापानं फणफणलेली. सोबत थोरली बहीण सोजराबाई. दोघी विधवा, एकाच चुलीवर रांधून खाणाऱ्या.

"गोळ्या बराबर घेतल्या का?" सिस्टर पंचफुलानं विचारलं.

केशरबाईनं नजर बहिणीकडं वळवली. सोजराबाईच म्हणाली, "अर्ध्या मला दिल्या तिनं. मलाबी खोकला व्हता."

"अवो, औषध काय परसाद हाय वाटून खायला?" पंचफुलाचा आवाज चढला.

तो ऐकून दवाखान्याचे प्रमुख, डॉक्टर शेषराव खिल्लारे, खाटेपाशी आले.

"काहून दिल्या, मावशी?"

"अक्का रातभर खोकून राहिली, अन् म्या एकटीनंच बरं व्हायचं? लाज वाटली बघा."

डॉक्टरांनी स्टूल ओढून सोजराबाईची छाती तपासली. "तुमचा खोकला सर्दीचा. तुम्हाला ह्या जंतू मारायच्या गोळ्या लागतच नव्हत्या. हिचा रोग मात्र अर्ध्या औषधानं नुसता दबला. असंच अर्धवट घेत राहिलं, तर पुढं तो गोळ्यांना जुमानायचा नाही."

केशरबाईचे डोळे भरले. "म्हंजी म्याच चुकले."

"न्हाई मावशी. पुडी दिली, पण समजावून कुणीच सांगितलं न्हाई. चुकलो आम्ही."

दुपारी त्यांनी डॉक्टर, सिस्टर, कंपाउंडर सगळ्यांना बोलावलं. केशरबाईला घरी सोडायच्या कागदावर सही आपलीच होती, हे आधी सांगितलं. मग म्हणाले, "साध्या सर्दीला ह्या गोळ्या कुणी लिहायच्या नाहीत. मीही नाही. ज्याला लिहू, त्याला आणि घरच्या माणसाला नीट सांगायचं, त्यांच्या तोंडून परत ऐकायचं."

पंचफुला मान खाली घालून उभी होती.

"सिस्टर, तुम्ही काळजीपोटीच रागावलात. सुरुवात तुम्हीच करा."

संध्याकाळी ती केशरबाईच्या खाटेवर टेकली. "सोजरामावशी, सांगा बरं."

"दिवसातून चारदा. बरं वाटलं तरी सोडायच्या न्हाईत."

"अन् द्यायच्या कुणाला?"

"कुणालाच न्हाई." सोजराबाईनं स्वतःकडं बोट दाखवलं. "मलाबी न्हाई."

केशरबाईला हसू आलं.

परत दाखल झाल्याच्या आठव्या दिवशी डॉक्टरांनी तिची छाती तपासली. "मोकळी झाली."

"खरंच का, साहेब?" सोजराबाईनं पुन्हा पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांनी छाती तपासायची नळी तिच्याच कानांना लावली. बहिणीचा श्वास ऐकत ती डोळे मिटून बराच वेळ बसली. डॉक्टरांनी घाई केली नाही.