अडतीस लिफ्ट मेकॅनिक

अक्षता सहावीत असेपर्यंत तिच्या बापाचा, म्हणजे बाळाचा, घरात रुबाब होता. लसावि, मसावि, नळाने टाकी किती तासांत भरेल, असलं काहीही तो जेवता जेवता सोडवून द्यायचा. सातवीत बैजिक राशी आल्या आणि बाळा हळूच टीव्हीकडे सरकला. आता पोरगी अकरावी सायन्सला होती, आणि तिच्या अभ्यासात बापाचं काम एवढंच उरलं होतं, की पंखा तिच्या बाजूला वळवायचा आणि बातम्यांचा आवाज कमी ठेवायचा. गेली पंचवीस वर्षं मुंबईभर लिफ्ट दुरुस्त करत फिरणाऱ्या माणसाला हे फार लागायचं. तो तसं बोलून दाखवत नसे, पण सुगंधाला, म्हणजे त्याच्या बायकोला, ते कळायचं. अक्षताला कळत नव्हतं. तिला वेळ कुठे होता?

बोरिवलीच्या क्लासात ती सहा महिने घासून स्टार बॅचला पोचली होती. मिहिर सर स्वतः फक्त स्टार बॅचलाच फिजिक्स शिकवत. बी बॅचला गेल्या वर्षी पास झालेली मुलं शिकवत, आणि ती नेमकी कशी पास झाली हे कोणी विचारू नये. स्टारमध्ये टिकायचे नियम साधे होते. गृहपाठ कॉपी केला की लाल शेरा. उत्तर चुकलं तर सर दाखवतील तसं जागच्या जागी खोडून बरोबर लिहायचं, नाही लिहिलं तर लाल शेरा. तीन लाल झाले की बी बॅच, आणि परत वर यायची सोय नाही. अक्षताचे दोन झाले होते. एक वही विसरल्याबद्दल, दुसरा वही विसरलेली नाही हे सांगताना आवाज चढला म्हणून.

त्या रविवारी ती नवव्या गणितावर अडली. ते तिने दोनदा मोठ्याने वाचलं. "माणसांसकट ८०० किलो वस्तुमानाची लिफ्ट दोन मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर जाते. दोर वजनहीन व कप्पी घर्षणरहित माना. मोटरला किती बल लावावे लागेल?"

मटारच्या शेंगा सोलत बसलेल्या बाळाचे हात थांबले.

"परत वाच गो."

तिने वाचलं.

"वजनहीन दोर?" बाळा म्हणाला. "कोणी लिहिलाय हा? त्याला म्हणावं, एक दोर खांद्यावर घे आणि चौदा मजले चढून दाखव. मग माझ्याशी वजनहीन बोल."

"पप्पा, ते मानायचं असतं."

"आणि पुलीला घर्षण नाही? अगं, मग पुली नुसती फिरेल आणि दोर घसरत राहील. लिफ्ट तळमजल्यावरच! घर्षणावर तर आमचा सगळा धंदा चालतो."

"पप्पा, प्लीज."

"आणि दोनचं त्वरण? पॅसेंजर ओकतील आतमध्ये." शेंगांचं ताट बाजूला गेलं. बाळाला आता अडवणं शक्य नव्हतं. "काउंटरवेट कुठाय?"

अक्षताने वर पाहिलं. "कसलं?"

मग बाळाने तिला समजावलं. लिफ्ट कधी एकटी लटकत नसते. दोर पुलीवरून पलीकडे जातो आणि त्या टोकाला जवळपास तेवढ्याच वजनाचे लोखंडी ठोकळे असतात. ही वर, ते खाली. मोटर सगळं ओझं उचलतच नाही, ती फक्त दोघांना ढकलते. हे सांगताना त्याने एका बाजूला मिठाची बरणी आणि दुसऱ्या बाजूला सुगंधाचा चार्जिंगला लावलेला मोबाइल उचलला, त्यावर सुगंधाने आतून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अक्षताने समीकरण मांडलं. दोन्ही बाजूंना आठशे-आठशे. वजनं एकमेकांना खाऊन टाकतात, उरतं ते फक्त त्वरणापुरतं. सोळाशे गुणिले दोन. तीन हजार दोनशे न्यूटन.

तिने काउंटरवेटशिवायही करून पाहिलं. नऊ हजार सहाशे. पुस्तकाला हेच हवं असणार, हे तिला दिसत होतं.

"नऊ हजार सहाशे?" बाळा हसला. "आमच्या मोटरला एवढं रोज ओढायला लावलंस तर जळून जाईल ती."

बापाला इतका खूश तिने बऱ्याच महिन्यांत पाहिला नव्हता. त्यामुळे म्हणा, किंवा पटलं म्हणून म्हणा, तिने ३२०० लिहिलं. सरांचा गोंधळ नको म्हणून खाली एक प्रामाणिक ओळही लिहिली: 'काउंटरवेट धरले आहे. माझे वडील लिफ्ट मेकॅनिक आहेत, त्यांनी सांगितले.' मग ऋतिकाचा मेसेज आला, नववं सुटत नाहीये यार, वाट लागलीय. ऋतिका जिवलग मैत्रीण. अक्षताने पानाचा फोटो पाठवला आणि झोपली.

ऋतिकाने तो फक्त एका मैत्रिणीला पाठवला. त्या मैत्रिणीनेही फक्त एकीलाच पाठवला. असा तो एकेक करत सगळ्या बॅचमध्ये फिरला.

सोमवारी मिहिर सरांनी बेचाळीस वह्या गोळा केल्या आणि पहिल्या चार शांतपणे तपासल्या. पाचव्या वहीला त्यांनी चष्मा पुसला. दहाव्या वहीला ते उठून उभे राहिले आणि उरलेल्या वह्यांतलं नववं गणित उभ्याउभ्याच भराभर पाहून घेतलं.

"मला एक सांगा," ते म्हणाले, "या वर्गात किती जणांचे वडील लिफ्ट मेकॅनिक आहेत?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली.

"कारण या वह्यांप्रमाणे अडतीस जणांचे आहेत. शर्मिष्ठा, तुझे पप्पा डेंटिस्ट होते ना? दवाखाना बंद केला का? आणि सिद्धेश, तुझे वडील तर बिल्डर. स्वतःच्याच बिल्डिंगच्या लिफ्ट दुरुस्त करतात? फार चांगलं."

स्टार बॅच म्हणजे हुशार पोरं, पण कॉपी करताना वाचायचं असतं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. समीकरण उतरवलं, उत्तर उतरवलं आणि त्याच झपाट्यात बापही उतरवला होता.

"खरे वडील कोणाचे?"

अक्षता उभी राहिली. सरांनी टेबलावर मोबाइल ठेवला. वर्गासमोर स्पीकरवर पालकांना फोन लावणं हे त्यांचं आवडतं हत्यार होतं, आणि भल्याभल्यांची त्याने बोबडी वळली होती.

"हां बोला," फोनमधून बाळाचा आवाज घुमला. "कुठली बिल्डिंग? कोण अडकलंय?"

"तुमची मुलगी अडकलीय," सर म्हणाले. "मी तिचा फिजिक्सचा सर."

वर्ग खिदळला. सरांनी हात वर करून गप्प केलं आणि बाळाला सगळं सांगितलं. बाकीच्या सदतीस जणांना कॉपीचा लाल मिळेलच, पण अक्षताने कॉपी केलेली नाही, हे त्यांना मान्य होतं. काउंटरवेटचं गणितही बरोबर आहे. पण विचारलंय ते हे नाही. परीक्षेत नऊ हजार सहाशेच धरतील. तिने आत्ता खोडून तेवढं लिहावं, लाल मिळणार नाही. नाही लिहिलं तर तिसरा लाल.

बाळाचा आवाज एकदम लहान झाला. "नाही नाही सर, तुमचंच बरोबर. आम्ही काय, अडाणी माणसं. अक्षता, खोड गो ते. काय जातंय आपलं?"

अक्षताने पेन उचललं. तिला खोडायचंच होतं. पण 'अडाणी' हा शब्द बेचाळीस जणांनी ऐकला होता, आणि तो तिच्या बापाने स्वतःबद्दल, तिच्यासाठी वापरला होता. तिला त्याचा राग आला, सरांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

"पप्पा, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"मुलुंडला. लिफ्टच्या टपावर."

"कितव्या मजल्यावर?"

"अकराव्या. का गो?"

"पलीकडे काउंटरवेट आहे ना?"

"आहे म्हणजे? समोरच दिसतंय."

"मग ते नाही, असं मी लिहिणार नाही." तिने पेनाला टोपण लावलं. "सर, प्रश्नात ते नाही, मान्य. पण मला माहीत आहे आणि मी धरलंय. लाल द्या."

आवाज चढला नव्हता, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.   पण नियम तो नियम. सरांनी लाल पेनाने वहीवर रेघ ओढली आणि म्हणाले, "उद्यापासून बी बॅच."

सहा महिन्यांची मेहनत गेली.  दफ्तर आवरताना अक्षताला बरोबर काय आणि चूक काय काही कळत नव्हतं, नुसतं रडू येत होतं.

फोन मात्र कोणी बंद केला नव्हता. तो टेबलावर तसाच पडला होता, आणि मुलुंडला अकराव्या मजल्यावर बाळाला वाटत होतं की पलीकडून केव्हाच ठेवला. सोबत स्पीकरवर ऐकणाऱ्या मेकॅनिकला तो जे ओरडून सांगत होता, ते सगळ्या स्टार बॅचला स्वच्छ ऐकू आलं.

"धोंडिरामा! आयकलंस मां? माझ्या चेडवान, अक्षतान, सरांका तोंडार सांगल्यान, काउंटरवेट आसा म्हणून!"

"पण बाळा," धोंडिराम म्हणाला, "तिला खाली टाकली ना रे?"

"टाकली."  नंतर बाळाने जोरात नाक शिंकरलं. "माका वाटलेला, चेडवाक आता माझो काय उपयोग नाय."

अक्षता दारापर्यंत पोचली होती. ती मागे फिरली, टेबलापाशी गेली, आणि सरांना न विचारता फोनवर वाकून म्हणाली, "पप्पा, दहावं गणितही लिफ्टचंच आहे. लवकर घरी या."